नथूबद्दल मी लिहिलेली ओळ

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. भेस्तानला मुलाच्या घरी, गॅलरीत आरसा टांगून मी दाढी करत होतो. "वडील, सलाम. गोडादऱ्याचे नथूभाऊ पहाटे गेले," ते म्हणाले. मग जरा चाचरत, "मी जुनी वही काढली. त्यांच्या नावापुढे तुमच्या हातचं लिहिलंय... शिस्तीखाली, पश्चात्ताप नाही. आता देह मंडळीत आणायचा, की थेट कबरस्थानात न्यायचा?" पाळकसाहेब तरुण आहेत, सुरतेत येऊन त्यांना दोनच वर्षं झाली. ती नोंद करणाऱ्यांपैकी खरं काय घडलं ते त्यांना सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, आणि तो मी होतो. माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. मी म्हणालो, "वहीत आहे तसं करा."

त्याला थेट कबरस्थानात नेलं. आमच्या छोट्या मराठी मंडळीत पाळकाबरोबर कारभार पाहायला जे लोक निवडतात त्यांना 'वडील' म्हणतात. मी बावीस वर्षं वडील होतो, आणि त्यातली बरीच वर्षं नोंदी लिहायचं कामही माझ्याकडेच होतं. ज्याला शिस्तीखाली ठेवलं, त्याला उपासनेला बसता येतं, पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळत नाही, आणि मेल्यावर त्याची पेटी वेदीसमोर ठेवत नाहीत. नथू अकरा वर्षं तसा राहिला. मातीला आम्ही जेमतेम पंधरा जण होतो. मी मूठभर माती टाकली आणि हात झटकले. ते हात झटकणं मला रोज आठवतं.

आम्ही दोघे खानदेशातले, शेजारशेजारच्या गावांचे. त्याच्या आणि माझ्या गावामध्ये एक नाला होता, एवढंच. सुरतेला नवागामात एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, लूमच्या कारखान्यात एकाच पाळीला जायचो, आणि प्रभूला मानायला लागलो तेही एकाच वर्षी. कारखान्याच्या खडखडाटाची सवय झाल्यामुळे नथू खोलीतही ओरडून बोलायचा. घरची अहिराणी त्यानं कधी सोडली नाही. मी मात्र लवकरच पुस्तकातलं मराठी बोलू लागलो. माझ्या प्रार्थना लांबलचक असायच्या. एकदा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "भाऊ, तू प्रार्थना करस का देवले हुकूम देस?" सगळे हसले. मी हसलो नाही, आणि ते मनात ठेवलं.

मग माझी आई गेली. ती शेवटपर्यंत तिच्या देवांची होती. मी एकुलता एक. निरोप आला त्या आठवड्यातच मला पहिल्यांदा वडील म्हणून निवडलं होतं आणि रविवारी मंडळीसमोर उभं राहून विश्वासाची साक्ष द्यायची होती. नथू कामावरून धावत आला. "चाल भाऊ, चारनी गाडी शे."

"मी येणार नाही. तिथे गेलो की अग्नी, मुंडण, सगळं करावं लागेल. मंडळी काय म्हणेल?" आणि शास्त्रातलं एक वचन काढून मी त्याच्या तोंडावर टाकलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "वचन राहू दे. मायले खांदा कोन देई?"

तो एकटाच गेला. चौथ्या दिवशी परतला तेव्हा डोकं साफ होतं. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "कोनी नव्हतं भाऊ. मीच आग दिधी." कारखान्यात कोणी विचारलं तर सांगायचा, उवा झाल्या होत्या. लोक टपली मारून हसायचे. त्यांच्यात मीही हसलो... त्या रविवारी मी साक्ष दिली, की प्रभूसाठी मी आईच्या प्रेतालाही गेलो नाही. जोरात आमेन झाला. डोक्याला रुमाल बांधून नथू तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसला होता. ती साक्ष मी पुढे कितीतरी वेळा दिली. दर वेळी ती थोडी अधिक रंगायची.

काही वर्षांनी त्याचा बाप वारला. तोही जुन्या रूढीचा. नथू गेला, थोरल्या मुलानं करायचं ते केलं आणि परत आला. या वेळी त्याच्या गावच्या कोणीतरी मंडळीत सांगितलंच. रविवारी आवारात तो मला भेटला, डोक्याला पुन्हा रुमाल. मी सगळ्यांच्या देखत तो ओढून काढला आणि विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "बाप गया." बाप कसा गेला, किती दिवस आजारी होता, हे मी त्याला विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पंचांची, म्हणजे आम्हा वडिलांची, बैठक बसली. आम्ही पाच जण होतो, बाकीचे चौघे आता हयात नाहीत. पाळीवरून तो थेट आला होता, अंगाला सूत चिकटलेलं. तो काय बोलला ते आज जसंच्या तसं लिहितो. "मी बापले आग दिधी, देवले नही सोडं. तरी चुकनू असेल तर देव माले माफ करो." मग कोणी न सांगता फरशीवर गुडघे टेकून तो प्रार्थना करू लागला. रडत होता. प्रार्थनेत त्यानं बापाचं नाव घेतलं, आणि त्यापाठोपाठ माझ्या आईचं.

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. मी मात्र ते नाव ऐकलं. हा आता बोलणार, माझी साक्ष उघडी पडणार. पण तो बोलला नाही. पुढे अकरा वर्षांतही बोलला नाही. मी इतरांना पटवलं, की हे रडणं बापासाठी आहे, पापासाठी नाही, आणि याला सोडलं तर उद्या सगळेच केस काढून येतील. वहीत मी लिहिलं : पश्चात्ताप नाही. त्या खोलीत पश्चात्ताप करणारा एकच माणूस होता आणि त्याच्याच नावापुढे मी ते लिहिलं. मला नियमाची काळजी नव्हती, भीती होती. ज्या गोष्टीसाठी मी त्याला भोजनापासून तोडलं, ती त्यानं आधी माझ्या आईसाठी, माझ्या जागी उभं राहून केली होती.

मातीनंतर तीन आठवड्यांनी मी गोडादऱ्याला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सुमनवहिनी तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिला ते माहीत होतं. "तुमच्या आईच्या वेळेस घरी आले तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी मला," ती म्हणाली. मी हात जोडले. ताटातून नजर न उचलता ती म्हणाली, "माझ्यासमोर काय रडता भाऊ? इथं तुम्हाला कोण ऐकतंय? रुमाल आवारात ओढला होतात ना? मग तिथं बोला."

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहिलो. आईचं, साक्षीचं, रुमालाचं, वहीतल्या ओळीचं, फोनवरच्या उत्तराचं, सगळं सांगितलं. पाळकसाहेबांनी वही पुढे केली आणि त्या ओळीखाली मी लिहिलं, की वरील नोंद खोटी आहे आणि ती मी जाणून खोटी लिहिली. उपासनेनंतर लोक भेटायला आले. एकानं माझा हात धरून म्हटलं, "वडील, केवढी ही नम्रता! आमच्यानं झालं नसतं." आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं... एवढं सगळं झाल्यावरही. ते बरं वाटणं जुन्या आमेनच्याच घरातलं होतं, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. हा लेख लिहितानाही ते माझ्या आसपास फिरतंय, म्हणून इथेच सांगून टाकतो.

त्यानंतरचा रविवार प्रभुभोजनाचा होता. ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी मान हलवून ते पुढे जाऊ दिलं. मी ठरवलंच होतं, की अकरा वर्षं मीही घेणार नाही. माझ्या वयाला अकरा वर्षं म्हणजे कायमचंच. उपासना सुटल्यावर रिक्षा करून गोडादऱ्याला गेलो. वहिनीला हे सांगावं, असं वाटत होतं. कशासाठी, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

ती जेवायला वाढून घेत होती. माझं ऐकून तिचा हात थांबला.

"घेतलं नाही?"

"नाही. माझी लायकी नाही."

"प्रभुभोजनाच्या दिवशी ते घरीच राहायचे, मी आले की दारातच विचारायचे," ती म्हणाली, "'भाऊनी लिधं का?' मी हो म्हटलं की मग ताटावर बसायचे. एकदा तुम्ही तापानं पडला होतात, आला नव्हतात. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही घेतलं त्यांनी."

भिंतीला टेकून बसायची त्याची जागा समोर होती. चुन्यावर डोक्याच्या उंचीला तेलाचा काळपट गोल डाग पडला होता. वर्षानुवर्षं तिथे बसून तो दाराकडे बघत असणार.

"तुम्ही घेतलं नाही म्हणता," वहिनी म्हणाली, "म्हणजे आज ते जेवले नसते."

तिनं वाढलेलं ताट उचललं, झाकून ठेवलं आणि हात धुवायला आत गेली.