शुगरच्या गोळ्या

जिथे कोणी कोणाचे नाव विचारत नाही, तिथे किस्से फार साठतात. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरच्या रांगेत मी अकरा वर्षे उभी आहे. माझ्यापाशी ते बरेच साठले आहेत.

*

जळकोटचे एक गृहस्थ ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्या सेंटरवर आले. रांगेत पुढे त्यांचेच व्याही!

“तुम्ही इथं कसं?”

“शुगर हाय. तुमाला?”

“मलाबी शुगरच!”

दोघांच्या हातात एकसारखी बाटली. आजही ते एकमेकांना पथ्य सांगतात.

*

ही बाटली खुळखुळते. घरात ऐकू जाऊ नये म्हणून सगळे तिच्यात कापूस कोंबतात. ईट गावचे एक शेतकरी म्हणाले, “रानात कापूस पिकला न्हाय, बाटलीत मातूर लई पिकला!”

रांग हसली. मग ज्याने त्याने आपापली बाटली हळूच हलवून पाहिली.

*

“बाई, तुमी तर मॅट्रिक झालेल्या. तुमाला कसा काय झाला?” एकीने विचारले.

“अभ्यासक्रमात यजमानांवर धडा नव्हता!” मी म्हटले.

यजमान गेले, घर आणि हा आजार ठेवून. शेजाऱ्यांना मी शुगर सांगितली, आणि त्यापायी अकरा वर्षे आमच्या मुरुम गावात कोणाकडेही गोड चहा घेतलेला नाही. खोटे बोलायचे, तर तेही नीटनेटके असावे.

*

शेजारच्या सुनंदाला हा शब्द मीच दिला. आजार तिला ड्रायव्हर नवऱ्याकडून आलेला. पण कळला असता, तर घराबाहेर तीच निघाली असती. “शुगर सांग,” मी म्हटले. “रोजच्या गोळीला मग कोणी हरकत घेत नाही.” सासूबाई तिच्यापुढचा गूळसुद्धा मायेने उचलून ठेवू लागल्या.

गेल्या महिन्यात गावात तपासणी शिबिर भरले. सासूबाईंनी सुनेला हट्टाने नेले. शुगर अगदी नॉर्मल!

संध्याकाळी त्या पेढे घेऊन माझ्या दारात. मागे सुनंदा.

“बाई, पोरीची शुगर गेली! गोळ्या चुलीत घातल्या, बाटलीसकट! आत कापूस हुता, भडकन पेटला बगा!”

त्यांनी सुनेच्या तोंडात पेढा घातला. “खा गं, आता कशाची भीती?”

सुनंदाने माझ्याकडे पाहत पाहत तो खाल्ला.

मी बोलण्यासाठी तोंड उघडले. त्यांना वाटले, पेढ्यासाठी.

“तुमाला न्हाय, बाई! शिबिर उद्याबी हाय. चला, तुमचीबी मोजू!”