पाचटाची मशीन अन् दिनकरभाऊजी

मंडळी, आज मी बदला घेतला.

मागच्या साली मी तोडलेला ऊस हातानं सोलत होते. तेव्हा माझे चुलत दीर, दिनकरभाऊजी, सगळ्यांसमोर बोलले, "बाईची शेती म्हणजे निस्ता कचरा!" सगळे हसले.

यंदा मी पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, उडवणारी मशीन घेतली. आज सकाळी तेच दारात आले. "वहिनी, मजूर भेटून नाही राह्यले. तोडलेला ऊस वाळून राह्यला. मशीन देता?"

"देते. पण चालवीन मी. तुम्ही मागं उभं राहून कचरा गोळा करा."

पंख्यातून उडालेलं पाचट त्यांच्या डोक्यावर, मिशीत, सदऱ्यात जाऊन बसलं. "वहिनी, जरा हळू!" ते ओरडले.

मले ऐकू आलं. मी वेग वाढवला.

त्यांचा ऊस वाचला अन् माझं काळीज थंड झालं. बायांनो, खरं सांगा, तुम्ही मशीन हळू केली असती?