घडाच्या दोरीला शिंजिराचं घरटं

माझ्या सासूबाई एका शिंजिरावर कायम खार खाऊन असायच्या. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू! रावेरच्या आमच्या केळीच्या बागेत एका भल्यामोठ्या घडाला आधाराची दोरी बांधली होती, आणि तिलाच त्याच्या मादीनं घरटं लोंबकळत ठेवलं. कोळ्याची जाळी, सालपटं, कागदाचे कपटे, नुसता उकिरडा. वर दाराला मात्र छोटंसं छप्पर! नवरोबा जांभळे-काळे, उन्हात चकाकणारे, शेवरीच्या शेंड्यावर बसून गाणार. घर बांधायला ती एकटी मरणार. "हाऊ बी तसाच," असं म्हणत अक्का माझ्या सासऱ्यांकडे बघायच्या. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं. माहेर धुळ्याकडचं, बोली अहिराणी, जीभ धारदार.

अंड्यांतून पिल्लं निघाली आणि नेमकी कापणी आली. घड कापला की दोरी सुटणार, घरटं खाली, पिल्लं मेलीच. व्यापारी तर त्याच घडापुढे उभा. पाखरासाठी ठेवा म्हटलं असतं तर तो खो खो हसला असता. अक्कांनी ठोकून दिलं, "हाऊ देवना घड शे. बाकीना बठ्ठा लई जा!"

व्यापारी कुरकुरला. तेवढ्यात कापणाऱ्या टोळीचा मुकादम पुढे झाला. चिखलात चपला काढल्या, घडाला हात जोडले, कपाळाला माती लावली. मग काय, व्यापाऱ्यानंही मुकाट हात जोडले. आणि वर मादी दारातून चोच काढून बघतेय! हसू दाबता दाबता मला ठसका लागला. पुढे कित्येक दिवस अक्का मुकादमाची नक्कल करायच्या. "कसं भोळं येडं शे!"

पिल्लं उडाली. घड तोवर पिवळाधमक झाला होता. शेजारच्या बागेत कापणीला आलेल्या मुकादमानं बांधावरून हाक मारली, "अक्का, पाखरं उडाली का हो?"

अक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे तुले ठाऊक व्हतं?"

"मग चिखलात पाय उगाच माखले का मी?"

"गुलामा! घे, काप आते तो घड. पोरेसले लई जा."

"छे छे, अक्का! देवाचा ना तो? सगळ्या टोळीनं ऐकलंय. देवळात पोचवा, आम्ही येतो प्रसादाला."

पदर खोचून अक्का तरातरा देवळाकडे निघाल्या. आणि तो पिकलेला घड? अहो, माझ्या डोक्यावर!