अप्पांची ‘नजर’

उदगीरला आमचं स्टीलच्या टाक्यांचं वर्कशॉप आहे. बहुतेक टाक्या दुधाच्याच. वेल्डिंग मला अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यांची रीत जुनी. वेल्डिंगच्या टॉर्चमधली टंगस्टनची सुई काडी ओढल्यासारखी पत्र्यावर घासायची, की आर्क, म्हणजे पत्रा वितळवणारी प्रखर ज्योत, पेटतो. पण त्याआधी ते खणखणीत ओरडत, “नजर!” मग डोळे दिपू नयेत म्हणून शेडमधले सगळे तोंड फिरवत.

सुई जरा जास्त टेकली की चिकटायची आणि तिचा कण पत्र्यात राहायचा. दुधाच्या टाकीत असला डाग कोण चालवून घेईल? ते डाग काढून काढून मी वैतागले आणि हट्टानं एचएफचं, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सीचं मशीन आणलं. त्यात सुई टेकवायचीच नाही. बटण दाबलं की ठिणगी आपोआप पत्र्यावर उडी मारते. ओरडायलाही सवड नाही. “आता तुमची काडी ठेवा खिशात,” असं मी अप्पांना चिडवायचे.

मागच्या वर्षी अप्पांच्या छातीत पेसमेकर बसला. लातूरच्या डॉक्टरांनी आमचा धंदा विचारला आणि मला बजावलं, “एचएफमुळे पेसमेकर गोंधळू शकतो. यांना शेडमध्ये येऊ द्यायचं नाही.”

अप्पा घरी बसले. दिवसभर रस्त्याकडं बघायचे, अर्धी भाकर ताटात टाकायचे. मी समजूत काढायला गेले तर म्हणाले, “मशीन तुझी, शेड तुझी. माझं काय काम हाय तिथं?” मला रडू फुटलं. रागही आला, तो माझाच.

त्याच मशीनवर ‘लिफ्ट’ नावाची सोय होती. तिच्याकडं मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सुई पत्र्यावर टेकवायची, बटण दाबायचं आणि अलगद उचलायची. उचलताना आर्क पेटतो. एचएफ लागतच नाही. मशीनचं पुस्तक घेऊन मी पुन्हा लातूर गाठलं. डॉक्टरांनी ते वाचलं, पेसमेकरच्या कंपनीलाही विचारलं. एचएफ बंद, करंट कमी, आणि अप्पा मशीन-केबलपासून लांब, दारात. एवढ्यावर त्यांनी होकार दिला.

देवणीच्या एका डेअरीची टाकी हातात होती. माझा हात एचएफनं लाडावलेला. तीनदा सुई चिकटली. दारातल्या खुर्चीवरून आवाज आला, “लई दाबून राह्यलीस. दुधावरची साय उचलल्यागत उचल.”

चौथ्यांदा सुई टेकवली, हेल्मेट खाली घेतलं. ओरडायची सवय तर मी कधीच मोडली होती. तेवढ्यात दारातून हाक आली, “नजर!”

सगळ्यांनी तोंडं फिरवली. मी सुई उचलली आणि आर्क स्वच्छ पेटला.

आता मी टेकवते आणि थांबते. अप्पांची हाक आल्याशिवाय आमच्या शेडमध्ये सुई उचलत नाहीत.