मेल्यावर गाजलेले तेजराम कापगते

तेजराम कापगते जिवंतपणी एकदाही गायले नाहीत. गणपतीच्या आरतीतही ते नुसत्या टाळ्या वाजवायचे. आरती धावत सुटली तरी यांच्या टाळीचा वेग तोच. अशा माणसाचं गाणं निघालं, तेही हिप-हॉप, तेही ते गेल्यानंतर, आणि गाजलं! भिलाईत पोलाद बनतं हे जगाला ठाऊक आहे. आणखी काय काय बनतं ते आम्हा सेक्टर सातवाल्यांना विचारा.

मी त्यांचा शेजारी. दोन क्वार्टरांत भिंत एकच, आणि तीही नावापुरती. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक मला यायची.

तेजरामभाऊ मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, प्लांटच्या फोर्ज शॉपमध्ये कामाला. तिथं तापलेल्या लोखंडावर भला मोठा हॅमर पडतो. तो पडताना बोललेलं देवालाही ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं दोन घावांच्या मधे बोलायला शिकतात. दोन-तीन शब्द, मग धाड, पुन्हा दोन-तीन शब्द. बाकीचे गेटबाहेर आले की तुमच्याआमच्यासारखे बोलायचे. यांची सवय मात्र बाजारात सुटली नाही, दवाखान्यात सुटली नाही, देवापुढे हात जोडतानाही सुटली नाही. "वांगे कसे दिले?" थांबणार. "किडके तं नाई?" पुन्हा थांबणार. भाजीवाल्याला वाटायचं, गिऱ्हाइकाला काही होतंय की काय.

घरी हॅमर नव्हता. शकुवहिनी होत्या. नवरा जिथं थांबायचा तिथं त्या बोलायच्या. रोज सकाळी भिंतीपलीकडून, 'का'ला 'कावून' म्हणणाऱ्या बोलीत, हे असं यायचं:

"पाणी आलं का?"

"नाई, तुमच्यासाठी गंगा आली."

"टाकी भरली का?"

"तुमच्या पोटाच्या आंधी भरली."

"मंग बसली कावून?"

"तुमी आहा ना उभे, छत धराले!"

दाढी करताना हसून मी कितीदा गाल कापून घेतलाय. एवढं फुकटचं नाटक, आणि आमची ही म्हणायची, जरा रेडिओ मोठा करा. रसिकता काही हुंड्यात मिळत नाही.

शहाण्णव साली बोनस मिळाला आणि तेजरामभाऊंनी रेडिओ आणि टेप एकात असलेला टू-इन-वन आणला. कोणतं बटण कशाचं हे विचारणं कमीपणाचं, म्हणून त्यांनी सगळीच दाबली. घरातलं बोलणं अर्ध्या कॅसेटवर भरलं गेलं आणि नवरा-बायकोला पत्ताही नाही. पुढं उन्हाळ्यात एक दिवस जेवले, हात धुतले, खुर्चीत टेकले ते गेलेच. चांगला माणूस होता हो. त्यानंतर सकाळी पाणी यायचं, पण भिंत गप्प. दाढी करताना माझा गाल एकदाही कापला नाही.

तेरवीला वहिनींचा धाकटा भाऊ केवलराम आला. पावर हाउसच्या बाजारात त्याचं रेकॉर्डिंगचं दुकान. एरवी देवीची जसगीतं आणि लग्नाच्या कॅसेटी करायचा, पण त्या दिवसांत पोरांना रॅपचं खूळ लागलेलं. त्यानं टू-इन-वनमधली कॅसेट ऐकली आणि उडालाच.

"ताई, भाऊजी तं पैदाइशी रॅपर होते! सगळे बोल ठेक्यात! ह्याले हिप-हॉप म्हनते."

"तुले जे म्हनाचं ते म्हन," वहिनी म्हणाल्या, "त्याईचा आवाज तेवढा नीट ठेव."

पठ्ठ्यानं शब्दाला जागून आवाज नीट ठेवला. बाकीचं सगळं कापलं. भावालाच बहिणीचा आवाज 'डिस्टर्बन्स' वाटला! जिथं जिथं वहिनी बोलल्या होत्या तिथं त्यानं ढोल घातला. पाणी आलं का, धाड. टाकी भरली का, धाड. मंग बसली कावून, धाड धाड धाड. आणि कोरी कॅसेट महाग पडते म्हणून मूळच्या कॅसेटवर कुम्हारीच्या एका मंडळीचं जसगीत भरून टाकलं. अक्कल वाटताना हा ढोल वाजवत बसला असावा.

कव्हरवर तेजरामभाऊंचा गेटपासवरचा फोटो, त्यावर रंगवलेला काळा गॉगल, आणि खाली नाव: 'स्वर्गवासी एम. सी. तेजराम'.

गणपतीत गाणं लागलं आणि सेक्टर वेडा झाला. तेलुगू पोरं नाचली, बंगाली नाचली, सरदारजींची पोरं तर मांडवाच्या बल्ल्यांना लटकून नाचली. मराठीचा शब्द कळत नव्हता कुणाला, पण 'मंग बसली कावून' सगळ्यांना पाठ. कुम्हारीच्या मिनीबसचा कंडक्टर जागा अडवून बसणाऱ्यांना तेच विचारायला लागला. नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये उत्तर न येणाऱ्या पोराला मागून तोच आवाज यायचा. पद्मनाभपूरच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरेना, तेव्हा सगळी वरात त्याच्यावर ओरडली. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष रागावून म्हणाले, "ही आपली संस्कृती?" मान मात्र ठेक्यावर हलत होती.

शकुवहिनी आधी हसल्या. मग मंडळात बायकांच्या भजनाला गेल्या आणि तिथं अंजनाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"किती सहन केलं वं शकुबाई तुमी! मानूस एवढा खेकसते आन् तुमच्या तोंडून एक शब्द नाई!"

दुसरीनं डोळ्याला पदर लावला. तिसरी म्हणाली, सुटलीस बाई. वहिनी तिथून ज्या निघाल्या त्या थेट आमच्या दारात. चेहरा लालेलाल.

"भाऊजी, खरं सांगा. मी कधी गप बसली होती का?"

"कधीच नाही," मी म्हणालो. भिंत साक्षीला होती.

"मंग! सहन त्याईनं केलं. आन् लोक त्याईलेच राक्षस म्हनून राहिले. मेलेल्या मानसाले बोलता येते का? मायं बोलनं मले परत पायजे. त्या केवल्याकडं चला."

गेलो. मूळ कॅसेटवर जसगीत भरल्याचं केवलरामनं भीत भीत सांगितलं. वहिनींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्या सातही स्वतःच्याच आहेत हे विसरून. मग पदर खोचला.

"गेलं तं गेलं. आता बोलते. लाव त्याईले."

स्टुडिओच्या भिंतींना आवाजासाठी अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. वहिनींनी वर-खाली पाहिलं. "एवढे अंडे खाल्ले तू? आन् मायच्या दवाईले पैसे नोयते?" केवलरामनं घाईघाईनं त्यांच्या कानाला हेडफोन लावला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि ढोल काढून नुसते तेजरामभाऊ सुरू केले.

कानात नवऱ्याचा आवाज आला आणि बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. बाहेरच्या छोट्या स्पीकरवर आम्हालाही ऐकू येत होतं.

"पाणी आलं का?"

"नाई, तुमच्यासाठी गंगा आली!" चाबकासारखं. केवलराम तोंडावर हात दाबून हसला.

"टाकी भरली का?"

"तुमच्या पोटाच्या आंधी भरली!"

"मंग बसली कावून?"

पुढचं मला पाठ होतं. माझे ओठही हलले. वहिनींचा हात खुर्चीच्या दांड्यावरून एकदा फिरला. मग त्या अगदी हळू, आम्हाला नाहीच, म्हणाल्या, "उठून आता कोनाले वाढू?"

बोलायला उशीर झाला होता. तेवढ्यात तेजरामभाऊंचा पुढचा प्रश्न आला, आणि जन्मात पहिल्यांदा ती दोघं एकदम बोलली. मला रडू फुटलं. लपवून काय करू? फुटलं.

केवलरामनं नाक पुसलं. "ताई, एकडाव पुन्हा घेऊ. ठेक्यात नाई बसलं."

"ठेका तुया हाय. त्याईनं आयकलं ना? झालं." त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

ती कॅसेट पुढच्या गणपतीत लागली. पहिल्या दोन उत्तरांच्या फटकाऱ्यालाच मांडव हसून लोळला. तिसऱ्याच्या जागी केवलरामनं ढोल ठेवलाच नव्हता, त्यामुळं पोरांचे पाय हवेतच राहिले. एक तेलुगू पोरगा माझ्याकडे वळला, "अंकल, आंटी क्या बोली?" मी हिंदीत सांगितलं. त्यानं बंगाल्याला सांगितलं, बंगाल्यानं सरदाराला. गाणं संपेपर्यंत कुणी नाचलं नाही. मग तोच म्हणाला, "फिर से लगाओ."

बायकांच्या रांगेत अंजनाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "बिचाऱ्या तेजरामभाऊनं किती सहन केलं वं!"

"आता कशी बोलली!" शकुवहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी अंजनाबाईंच्या हातावर एक मोदक जास्त ठेवला.