हेल्मेटला लावलेलं कुंकू

आई माझ्या स्कूटरवर मागे बसली की तिचं तोंड सुरू. "रिक्षा आली गं. बस वळतीय. दमानं, दमानं." साताऱ्याहून कोपरखैरण्याला माझ्याकडे राहायला आली तेव्हापासूनचं हे. आणि मी मुळात तापट. रोज कामाला एकटी जाते, तेव्हा कोण सांगतं मला?

त्यात आमच्या द्रोणागिरीच्या गोदामात आम्हा काही जणांना ते नवं हेल्मेट वापरून बघायला दिलं. पुढच्या काचेवर खुणा उमटतात. सिग्नलच्या खांबांवर आणि गोदामाच्या ट्रेलरांवर डबे बसवलेत, ते हेल्मेटला कळवतात, सिग्नल सुटायला किती सेकंद, ट्रेलर कुठल्या बाजूने येतोय. ज्या गाड्यांवर डबा नाही त्यांच्यासाठी हेल्मेटच्या कपाळावर बारीक कॅमेरा. धोका असला की काचेवर लाल बाण आणि कानात टुकटुक. महिनाभरात मला इतकी सवय झाली की मान वळवून बघणं मी जवळजवळ सोडलंच. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

दसऱ्याला सकाळी आईने स्कूटरची पूजा केली. झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ. मग हेल्मेटपुढेही बसली. "तुज्या पोटापान्याचं हत्यारच की ह्ये," म्हणाली. मी आत कपडे बदलत होते. दुपारी आपट्याची पानं घेऊन आम्ही भावाकडे निघालो, तो द्रोणागिरीलाच राहतो. काचेच्या कोपऱ्यात एक पिवळा ठिपका सारखा लुकलुकत होता. बॅटरी असेल म्हणून मी सोडून दिलं.

तुर्भ्यापर्यंत आईने मला चार वेळा दचकवलं. सिग्नलला मी मागे वळले. "आई, आता एकदम गप बस. हे डोक्यावरचं सांगतंय ना सगळं. दोघांचं कसं ऐकू मी? तुझ्या बोलण्यानेच पडू आपण एक दिवस." ती गप्प झाली. मला बरं वाटलं.

उरणच्या रस्त्याला लागलो. सणामुळे वर्दळ नव्हती, काचेवर एकही बाण नाही. मी वेग वाढवला आणि काचेवरचा वेगाचा आकडाच बघत राहिले. आईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला. वाऱ्यामुळे धरलं असेल, मला वाटलं. मग नखं रुतली. तेव्हा कुठे मी समोर नीट पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा, डबा नसलेला एक ट्रेलर रस्त्याकडेच्या गेटमधून मागे येत अर्ध्या रस्त्यावर आला होता. काचेवर अजून बाण नाहीच. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. स्कूटर तिरकी फरफटत गेली आणि त्याच्या मागच्या चाकापासून हातभरावर थांबली. ड्रायव्हरला पत्ताही नव्हता, तो ट्रेलर वळवून निघूनही गेला.

स्कूटर कडेला घेतली. हेल्मेट काढलं तर कॅमेऱ्यावर कुंकवाचं बोट, बरोब्बर मधोमध, वर दोन अक्षता चिकटलेल्या. माझं डोकंच फिरलं. आता हिला चांगलं सुनावते, म्हणून वळले. पण तोंडातून आधी दुसरंच निघालं.

"तुला दिसला नाही का गं तो?"

"दिसला की. लई लांबनं दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हनलीस न्हवं, गप बस." तिने पदर हातात घेतला. "म्हनलं, माज्या बोलन्यानं तू पडलीस तर?"

ती पदराने तोंड पुसत होती तेवढ्यात मी ओढणीने कॅमेरा साफ केला. कुंकवाचं तिला आजवर सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. फक्त म्हटलं, "आई, बोलत राहा. घर येईपर्यंत बोल."

ती बोलेना. एक बस गेली, दोन रिक्षा गेल्या, एक टँकर अगदी अंगावरून गेला, तरी ती गप्पच. हेल्मेट टुकटुक करत होतं आणि मी मागून आवाज यायची वाट बघत होते. गव्हाण फाटा ओलांडल्यावर, परवानगी मागितल्यासारखं, तिने हळूच म्हटलं, "म्हस हाय गं फुडं."

म्हैस रस्त्यापासून चांगली लांब, खाडीच्या चिखलात बसली होती. मी ब्रेक दाबला.