सहा कोंबड्या आणि एक खोटा रिपोर्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या वर्षी आमच्या परसातल्या सहा कोंबड्या मेल्या त्या माझ्या चुकीने, आणि आळ मी दुसरीवर जाऊ दिला.

फौजेत मी बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून घरी आलो, गावाला मात्र मेजर. शेवटची दोन वर्षं कोविडची. रजेवरून आलेल्या जवानाला चौदा दिवस वेगळ्या बॅरेकमध्ये ठेवायचं, ही माझी ड्युटी. एक नाईक, मुलगी झाली म्हणून, पेढे घेऊन आला होता. दोस्तांना पेढा देऊन लगेच येतो, म्हणून दारातून हात जोडत होता. मी सोडलं नाही. पेढे आतच संपले.

आता मैंदर्गीजवळ, कर्नाटकच्या सीमेला लागून घर आहे. कोंबड्या बारा होत्या. सहाला खुराडं उघडायचं, सव्वासहाला सिक रिपोर्ट. कोण पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, कुणाचा तुरा फिका, कुणाची विष्ठा हिरवी, ते बघायचं. कोंबडी आजार लपवते, पार आडवी होते तेव्हाच कळतं. म्हणून रोज बघायचं. तिघी म्हाताऱ्या, अंडी बंद झालेल्या. एकीच्या तळपायाला गाठ होती. कोमट मिठाच्या पाण्यात पाय धरून मी पट्टी बांधायचो. त्यांना उडी झेपेना, तेव्हा बसायची काठी वीतभर खाली आणली.

बायको म्हणायची, "अंडं न्हाय, काय न्हाय, आन् पेन्शन चालू."

"माझं तरी काय वेगळं हाय?" मी म्हणायचो.

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर सोलापूरला होती, तेव्हा मी बाजारातून एक काळी तलंग आणली, अजून अंड्यावर न आलेली. नवीन पक्ष्यासाठी परसाच्या टोकाला पिंजरा होता. त्यात ती एकटी दुपारभर ओरडत राहिली. पाच वाजता मी तिला उचललं आणि बाकीच्यांत सोडलं. चौदा दिवसांऐवजी चार तास. माणसांना जे दिलं नाही, ते कोंबडीला दिलं.

चौथ्या दिवशी तलंग मलूल झाली. सहाव्या सकाळी आणखी दोघी मान वाकडी होऊन पडल्या. मानमोडी, कोंबड्यांची साथ. आजारी वेगळ्या केल्या, भांडी ब्लीचिंगने धुतली. उशीर झाला होता. आठवडाभरात सहा गेल्या.

बायको परत आली. जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा कुंपणापलीकडे शेजारची लक्ष्मव्वा उभी होती. दिवसभर मेंढरांमागे असते. तिच्या नऊ कोंबड्या कुंपणाखालून आमच्याकडे येत-जात. त्यातल्याही दोन मेल्या होत्या.

"नवीन पक्षी आणला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी, सर."

"वेगळा ठेवला होता?"

"चौदा दिवस, सर."

सावधानमध्ये उभा राहून मी खोटं बोललो. डॉक्टर म्हणाले, मग मोकाट कोंबड्यांकडून आलं असणार. कुंपणाखालची फट बुजवा, उरलेल्यांना लस द्या. बायकोने लक्ष्मव्वाकडे बघितलं. तेवढं पुरलं.

दोन-तीन महिन्यांनी लक्ष्मव्वाने तिच्या उरलेल्या सातही विकल्या. का, म्हणून मी विचारलं.

"माज्यामुळं तुमच्या सा गेल्या की, मेजर. लई वाईट वाटलं बगा. आता नगं ते."

मी मान हलवली आणि आत आलो.

आमच्या सात आता बऱ्या आहेत. तिन्ही म्हाताऱ्या वाचल्या. सकाळ चांगली जाते, चहा परसातच होतो, नातू आला की त्याला ताजं अंडं असतं. लक्ष्मव्वा ज्वारी पाखडली की बारीक दाणे कुंपणावरून टाकते आणि म्हाताऱ्या लंगडत तिच्याकडे पळतात.

चिंचेखाली खोल खड्ड्यात, चुना टाकून, मी ज्यांना पुरलं त्या अशा: तांबडी, कवडी, बुटकी, दोघी पांढऱ्या बहिणी, आणि नाव ठेवायला वेळच न मिळालेली काळी तलंग. लक्ष्मव्वाच्या दोघींची नावं मी कधी विचारली नाहीत.

बायको हे वाचेल. लक्ष्मव्वा वाचणार नाही. तिची शाळा कानडी, मराठी ती फक्त बोलते. म्हणून लिहून माझी सुटका नाही. तिच्या दारात उभं राहून, बायकोच्या देखत, तोंडाने सांगायचं आहे: अक्का, रोग माझ्या तलंगीने आणला, तुझ्या कोंबड्यांनी नाही. एवढं मी तिचं देणं लागतो.